बाळंतिणीच्या दारातल्या खुर्च्या

माझ्या पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून, डोक्यावर घेऊन सगुण निघाला होता. मी घावन्यांचं पीठ ढवळत होते. हातातला डाव तसाच धरून अंगणात आले आणि विचारलं, खुर्च्या कुठे चालल्या?

"रानात," तो न थांबता म्हणाला.

"रानात कुणाचं लगीन आहे?"

मग थांबला. सगुण म्हणजे माझा धाकटा दीर. काही लपवायचं असलं की तो बोलायच्या आधी हसतो, तसा हसला. आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांशी बोलून बोलून घरातही पुस्तकातल्यासारखं बोलायला लागला होता तेव्हा. म्हणाला, "बेहड्याखाली नेतोय, वहिनी. सरांना आणि त्यांच्या मंडळींना तिथं बसून फोटो काढायचेत."

बेहड्याखाली म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्च्या खाली ठेव म्हणून मी ओरडले, पण तोवर तो माडांच्या पलीकडे गेला होता. इकडे तव्यावरचं घावन जळलं.

आता तुम्हाला वाटेल, बाई खुर्च्यांवरून एवढी का पेटली. सांगते. त्या बेहड्याच्या ढोलीत ककणेरीण बसली होती. ककणेर म्हणजे शहरातली माणसं ज्याला धनेश म्हणतात तो काळापांढरा मोठा पक्षी, पिवळ्या चोचीवर आणखी एक चोच उपडी ठेवल्यासारखी दिसते तो. त्याची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि चिखलाने, विष्ठेने आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची पिसं झडतात. म्हणजे उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत नर उंबरं, वडाची फळं, एखादा सरडा असं आणून त्या फटीतून तिला भरवतो. त्याने आणलं तर ती जेवते, नाहीतर उपाशी. दुसरा इलाज नाही.

आमच्या गावात, वाघेरीखोलात, तिला बाळंतीणच म्हणतात. शिमग्यापासून ती बाहेर येईपर्यंत त्या झाडाखाली कुणी फिरकत नाही. पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायला नाही, गुरं घेऊन नाही. पायवाट नेमकी तिथूनच जाते, पण डोक्यावर लाकडांचा भारा असला तरी बायका ओढ्याकडून वळसा घालतात. मी घाटावरची, चंदगडकडची. लग्न होऊन आले त्या वर्षी मला हे काही ठाऊक नव्हतं. सरळ त्या वाटेने निघाले तर सासूने दंडाला धरून मागे ओढलं होतं. म्हणाली, "बाळंतिणीच्या आणि तिच्या ताटाच्या मधी कोणी येवचा नाय." मला तेव्हा हसू आलं. मग माझी सई झाली. काळोख्या खोलीत मी बसलेली, आणि सासू दिवसातून किती वेळा कुळथाचं कढण, मऊ भात घेऊन दार ढकलून आत येत होती, त्याला गणती नाही. माझा नवरा गोव्यात ट्रकवर. सगळं तिने एकटीने केलं. शेजारच्या बायका दारात गप्पा मारत उभ्या राहिल्या तर ती त्यांनाही हाकलून द्यायची, अन्न निवतंय म्हणायची. त्यानंतर मला त्या नियमाचं हसू आलं नाही.

सगुणने घराच्या मागच्या बाजूला तीन खोल्या काढून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं होतं. आमचं रान बारमाही हिरवं, उन्हाळ्यातसुद्धा आत शिरलं की काळोख आणि गारवा. माणसं ते बघायला येत होती. फाटकावर सगुणने फळा रंगवून लावला होता: आमच्या रानात काय कराल. ओढ्यात पाय सोडून माशांकडून चावून घ्या, पहाटे पक्षी बघा, मिरीच्या वेलांत फिरा, केळीच्या पानावर जेवा, झाडाला मिठी मारा. मिठीचं वाचून मी खूप चेष्टा केली होती त्याची. म्हटलं, खाजकोलतीला मारायला सांगू नको म्हणजे झालं. पण माणसं खरंच मारायची, डोळे मिटून. मारोत बापडी. त्यात झाडाचं काही जात नव्हतं, आणि माझ्या हातचं खाऊन लोक बोटं चाटत होते, ते मला आवडत होतं. खोटं कशाला बोलू.

मग निमिष सर आले. पक्ष्यांचे फोटो काढायला शिकवायचे म्हणे ते, आणि बरोबर शिकणारी मंडळी. हातभर लांब भिंगं, हिरवे कपडे. माणूस मोठा गोड बोलायचा. मला अन्नपूर्णा म्हणाला पहिल्याच जेवणाला. रात्री पडवीत बसून त्याने आपल्या मंडळींना ककणेरणीची सगळी गोष्ट सांगितली, आणि मी भांडी घासत ऐकली. पिसं कशी झडतात, ती नरावर कशी अवलंबून असते, एकही गोष्ट चुकला नाही. मला माहीत नव्हतं तेही त्याला माहीत होतं. म्हणून तर माझा राग आजही जात नाही. अडाणी माणूस असता तर मी समजून घेतलं असतं.

त्या दिवशी दुपारचं जेवणही त्यांना रानातच हवं होतं. डबे घेऊन मीच गेले. म्हटलं, बघू तरी काय चाललंय. बेहड्याच्या समोर, अगदी हाकेच्या अंतरावर माझ्या खुर्च्या मांडलेल्या. त्यापुढे तीन पायांच्या तिकाटण्या आणि कॅमेरे. कुणी चिवडा खातंय, कुणी मोबाइल बघतंय. ढोलीच्या फटीत तिच्या चोचीचं टोक दिसत होतं. हलत होतं.

नर पलीकडच्या किंजळीच्या झाडावर बसला होता. घसा फुगलेला, म्हणजे फळं भरून आणलेली. एकदा ढोलीकडे बघायचा, एकदा या मंडळींकडे. झेप घेतल्यासारखा पुढे व्हायचा आणि परत मागे. मी उभी होते तेवढ्या वेळात तो आलाच नाही. शेवटी उडून गेला, भरल्या गळ्याने.

मी सरांना म्हटलं, अहो, तुम्ही इथे बसलाय म्हणून तो येत नाही.

"येईल, काकू," ते हळू आवाजात म्हणाले. "भूक अनावर झाली की येतो. हळूहळू त्याला आपली सवय होते."

"भूक कुणाला, त्याला का? तो बाहेर खातोय. उपाशी ती आहे."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग डबा उघडून म्हणाले, वा, फणसाची भाजी. आणि माझ्याच खुर्चीत बसून, तिच्या दारात, ते जेवायला लागले. तिला वास जात असेल का, असं माझ्या मनात आलं. वेडगळ विचार, पण आला.

घरी येऊन मी सगुणला धारेवर धरलं. लाज आहे का विचारलं. तो म्हणाला, वहिनी, दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. सरांचं नाव मोठं आहे, त्यांनी आपल्याकडे काढलेले फोटो लोकांनी बघितले की आख्खा हंगाम माणसं येतील. पुन्हा म्हणाला, पक्षी काय, पुढच्या वर्षी परत बसेलच. मी म्हटलं, सगुण, तुझी बायको बाळंत होईल तेव्हा तिच्या दारात खुर्च्या टाकते मी, बघू तुझं तोंड. तो उठून गेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं माझं होतं खरं, पण ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही ते गेले. उजाडायच्या आत. दुपारपर्यंत नर आला नसल्याचं गुरं राखणाऱ्या बाईने येऊन सांगितलं. वर म्हणाली, आत पिल्लू ओरडायचं, कालपर्यंत वळसा घालून जातानाही ऐकू यायचं, आज बारीक झालाय आवाज. मी चुलीवर भात ठेवला होता. तो उतरवला. चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. धूर घरभर झाला. सासू मागच्या दारातून आत बघून गेली.

डब्याची वाट बघून निमिष सर स्वतःच आले, मागोमाग त्यांची मंडळी. मी पायरीवर बसले होते. सांगितलं, आज जेवण नाही.

"काही झालं का, काकू?"

"तिच्या पोटात घास जाईल त्या दिवशी तुमच्या पोटात जाईल. खुर्च्या उचला, कॅमेरे उचला, तो येऊन तिला भरवून जाऊ दे. मग या. पंचपक्वान्नं करून वाढते."

एकदोघांनी माना खाली घातल्या. त्यांतली एक मुलगी सरांना म्हणाली, थोडं मागे सरकून बसूया का. सर तिला म्हणाले, प्रकाश फक्त तिथूनच मिळतो. मग माझ्याकडे वळून हसले, लहान मुलाकडे बघून हसावं तसे. सगुण मला आत ओढायला लागला. मी हात झटकला. म्हटलं, चूल माझी आहे, बघते कोण पेटवतो.

आमचं गाव आडबाजूला. हॉटेल नाही, दुकानात बिस्किटांच्या पुढे काही नाही. मी मनातल्या मनात हिशेब मांडला होता की शहरातल्या माणसाला दुपारचं एक जेवण चुकलं तरी संध्याकाळपर्यंत तो सामान बांधतो. आणि खरंच, ते खोल्यांकडे गेले. बॅगांच्या चेनींचे आवाज आले. कुणीतरी गाडी काढायला सांगितली. बेहड्याखाली फक्त रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि मला वाटलं, आता येईल तो. पायरीवर बसूनच मी एक घोटभर पाणी प्यायले.

तेवढ्यात मागच्या बाजूने धुराचा वास आला.

न्हाणीघराच्या चुलीवर, जिथे आम्ही आंघोळीचं पाणी तापवतो तिथे, सासू बसली होती. पातेल्यात भात रटरटत होता. बाजूच्या कढईत सुकटीची किसमूर, वाटीत सोलकढी. घामाने तिचा चेहरा लाल झाला होता. न्हाणीच्या चुलीवर कधी कुणी अन्न शिजवत नाही आमच्यात. तिने तेही मोडलं होतं.

मी म्हटलं, "आई, हे काय करताय?"

ती वर बघेना. भात ढवळत म्हणाली, "पावणो तो पावणो. ह्या घरातसून कोण उपाशी गेलो नाय. माझ्या सासूच्या वेळेकसुद्धा गेलो नाय."

"आणि ती? तिच्या दारात बसलेत ते. तुम्हीच मला शिकवलंत ना, ताटाच्या मध्ये कुणी येऊ नये म्हणून?"

"तिका देव बघतलो," सासू म्हणाली. "पावण्याक मीच बघूक व्हया."

मी सांगते तुम्हाला, निमिष सरांचा मला राग होता, सगुणचा होता, पण त्या वाक्याने जो राग आला तसा परत कधी आला नाही. कारण हिला सगळं कळत होतं. हिनेच माझा दंड धरला होता. मला तिच्या पुढ्यातलं पातेलं लाथ मारून उलथवायचं होतं. नाही उलथवलं. म्हाताऱ्या माणसाच्या पुढ्यातलं अन्न लाथाडायला मला जमलं नाही, एवढंच. मी तिला म्हटलं, आई, हा भात तुम्ही तिच्या तोंडातला काढून यांना घालताय. ती म्हणाली, पानं पूस.

मी पुसली नाहीत. तिने स्वतः पुसली, स्वतः मांडली, स्वतः वाढलं. आणि वाढताना काय आग्रह. आणखी थोडा भात, आणखी थोडी कढी, आमच्या सुनेच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, घाटावरची आहे, तोंडाने फटकळ. मंडळी पोटभर जेवली. सर तिच्या पाया पडले. बॅगा परत खोल्यांत गेल्या आणि उन्हं कलायच्या आत ते सगळे ताजेतवाने होऊन बेहड्याखाली जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मी खुर्च्या आणायला गेले. ठरवलं होतं, माणसं बसलेली असतील तर खालून ओढून काढीन. पोचले तेव्हा सगळे उभे होते. कॅमेऱ्यांना डोळे लावलेले. ढोलीचं लिंपण आतून फुटत होतं. सुकलेल्या चिखलाचे तुकडे पडत होते, आणि ती आतून चोच मारत होती, थांबत होती, परत मारत होती. पिल्लाचा आवाज नव्हता.

"काकू, फ्रेममध्ये येताय," मागून कुणीतरी कुजबुजलं.

भोक मोठं झालं आणि ती बाहेर आली. ढोलीच्या काठावर क्षणभर बसली, मागून उजेड तिच्या अंगावर. पंख पसरले. त्यात पिसं कुठे होती? पंखांच्या नुसत्या काड्या. कॅमेऱ्यांचा कडकडाट सुरू झाला, आणि निमिष सर हळूच म्हणत होते, घ्या, घ्या, असं परत मिळायचं नाही. तिने झेप घेतली आणि सरळ खाली आली, फांद्यांवर आपटत, पातेऱ्यात. तिथेही कॅमेरे वळले.

मी पदर टाकून तिला उचललं. चोच मारील म्हणून घाबरले होते, पण तिने मारली नाही. अंगात काहीच नव्हतं तिच्या, छातीचं हाड हाताला लागत होतं. घरी आणून बांबूच्या डालग्याखाली ठेवलं, उंबरं चुरून चोचीला लावली, पाणी लावलं. सासू माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनेही लावून बघितलं. चोच उघडली नाही. दुपारी ती मेली.

पाहुणे त्याआधीच निघून गेले होते. हवं ते मिळालं होतं ना. जाताना सगळ्यांनी सासूचा निरोप घेतला, जेवणाची तारीफ केली. संध्याकाळी मी खुर्च्या आणायला परत बेहड्याखाली गेले, तर नर आला होता. आता झाडाखाली कुणी नव्हतं. तो ढोलीला लटकून एकेक फळ घशातून चोचीत आणायचा आणि आत धरायचा. कुणी घेईना. फळ खाली पडायचं, की तो दुसरं काढायचा. सासू माझ्या मागोमाग आली होती, तिनेही ते बघितलं.

ककणेरणीला पुरताना सासूने घरातून हिरवा खण आणि नारळ आणला. सवाष्ण बाळंतीण गेली तर देतात तसा. मी तो खण तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, जिवंतपणी घास नाही दिलात, आता मेल्यावर खण कसला देताय. ती रडायला लागली. माझं मन द्रवलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती जगली, तिचं दुखणंखुपणं मी काढलं, हातपाय दाबले, कढण करून पाजलं. पण त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही, आणि तिला मी माफ केलं असंही म्हणणार नाही.

दुसऱ्या वर्षी निमिष सरांकडून एक खोका आला. आत काच लावलेला मोठा फोटो. ढोलीच्या काठावर ती, पंख पसरलेले, मागून सोन्यासारखा उजेड. फार सुंदर फोटो, नाही म्हणता येणार नाही. खाली लिहिलं होतं: मुक्ती. त्या फोटोला परदेशात कुठलंसं मोठं बक्षीस मिळालं होतं. सगुणने तो पाहुण्यांच्या जेवायच्या पडवीत, बरोबर मधोमध लावला. मी काढ म्हटलं, तो नाही म्हणाला. लोक फोटो बघून येतात म्हणाला, आणि ते खरंही होतं.

मग मी काढायचा नाद सोडला. राहू दे म्हटलं.

अजून तिथेच आहे तो. स्वयंपाक अजून मीच करते. पाहुणे हात धुऊन पानावर बसतात, समोर बघतात, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, किती सुंदर, कशी मोकळी झाली बघा. मग मी भाताचं पातेलं खाली ठेवते आणि सांगते. ती मोकळी झाली नाही, भुकेने बाहेर पडली. पोर आत मेलं होतं. समोर फोटो काढणारे बसले होते, आणि आदल्या दुपारी आमच्या घरात याच पडवीत ते पोटभर जेवले होते. सगळं सांगते, काही गाळत नाही. मग पातेलं उचलते आणि वाढते.

बरेच जण तरीही जेवतात. काहींना घास जात नाही. मी आग्रह करत नाही.